अरिहंत आधी का? अमरावतीत छापलेले एक उत्तर



सध्या घरोघरी कृतज्ञतेची वही आली आहे. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी तिच्यात लिहायच्या, म्हणजे मन आनंदी राहते, असे सांगतात. माझ्या सुनेनेही मला एक आणून दिली आहे, छान निळ्या पुठ्ठ्याची. यात हसण्यासारखे काही नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा या विषयावरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या मुलामुलींचे त्यांनी तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा आभार मानावेत अशा पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने त्रास झालेल्या गोष्टी आणि तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. असे १० आठवडे चालले. आभार लिहिणारी मुले शेवटी आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाली. तेव्हा वहीत तथ्य आहे.

पण मला ती वही घेऊन बसले की कुठेतरी अडायचे. कारण ‘आभार मान’ हे वाक्य आपण बायकांनी दुसऱ्याच अर्थाने फार ऐकलेले असते. माझ्या सासूबाई सहा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात भेटायला येणारी प्रत्येक पाहुणी मला सांगून जायची, ‘चांगले घर मिळाले, नवरा चांगला मिळाला, देवाचे आभार मान.’ म्हणजे काय, तर गप्प बस. दमलीस तरी दमले म्हणू नकोस. अशा आभारांनी कोणाला सुख झाले असेल असे मला वाटत नाही. सुख होते ते ऐकवणाऱ्याला.

आपल्या भाषेतही पाहा. घरात कोणी कोणाला ‘धन्यवाद’ म्हणत नाही. म्हटले तर रागावली की काय असे वाटते. आणि ‘उपकार’ हा शब्द तर आपण टोमण्यालाच वापरतो. ‘मोठे उपकारच केले!’ किंवा मग ते ‘फेडायचे’ असतात, सावकाराच्या कर्जासारखे. उपकार म्हटले की मान खाली घालायची, असे आपल्या मनात बसलेले आहे.

मग रोज कृतज्ञ राहण्याची सवय लावायची तरी कशी? या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर एका जुन्या ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ आपल्या अमरावतीत छापला गेला. त्याची गोष्ट सांगण्यासाठी आजचे लिहिणे आहे. थोडी लांब आहे, पण वाचा.

सुरुवात आपण सगळ्याजणी रोज म्हणतो त्या णमोकारापासून करू. दिगंबर असो की श्वेतांबर, जैन घरातले मूल बोलायला लागले की आधी हाच शिकते. त्यात मागणे काही नाही, हे आपल्याला माहीत आहे. धन नाही, मूल नाही, आरोग्य नाही. फक्त पाच नमस्कार: अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि सर्व साधू. ओडिशात उदयगिरीच्या हाथीगुंफेत सम्राट खारवेलाचा २००० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, त्याचीही सुरुवात अरिहंत आणि सिद्धांना नमस्कार करूनच होते. एवढी जुनी ही सवय आहे.

आता लहान मुलासारखा एक प्रश्न विचारू. सिद्ध मोठे की अरिहंत मोठे? पाठशाळेतली मुलगीही सांगेल, सिद्ध. त्यांची आठही कर्मे संपली, ते लोकाग्री जाऊन बसले. अरिहंतांची चार घाती कर्मे गेली, पण चार अघाती अजून शिल्लक आहेत. शरीर आहे, आयुष्य आहे. मग मोठ्यांना सोडून आधी नमस्कार अरिहंतांना का?

हा प्रश्न आचार्य वीरसेनांनी धवला टीकेत स्वतःच उभा केला आहे. धवला म्हणजे षट्खंडागमावरची टीका. षट्खंडागम गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांकडून शिकून आलेल्या पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींनी लिहिला, आणि त्याच्या आरंभी मंगल म्हणून हाच णमोकार आहे. त्यावर लिहिताना वीरसेन विचारतात, की ज्यांना कर्माचा लेप उरलेला नाही ते सिद्ध असताना लेप असलेल्या अरिहंतांना पहिला मान कसा? आणि उत्तर देतात, की अरिहंत नसते तर आपल्यासारख्यांना देव कोण, शास्त्र काय, तत्त्व काय, हे कळलेच नसते. सिद्ध आहेत हेसुद्धा आपल्याला अरिहंतांनीच सांगितले. तेव्हा त्यांचा उपकार लक्षात घेऊन त्यांना आधी नमस्कार.

पुढे कोणी म्हणेल, हा तर पक्षपात झाला! वीरसेन तेही टाळत नाहीत. चांगल्याच्या बाजूने असलेला पक्षपात दोष नव्हे, त्याने कल्याणच होते, असे ते म्हणतात.

मैत्रिणींनो, मी हे पहिल्यांदा स्वाध्यायात ऐकले तेव्हा किती वेळ तेच घोळत होते. आपण दिवसातून कितीदा णमोकार म्हणतो, आणि त्याचा क्रमच मुळी उपकाराच्या हिशेबाने लावलेला आहे. श्रेष्ठ कोण याच्या आधी, मला सांगितले कोणी हे येते. त्यात कोणी आपल्याला गप्प करत नाही. ‘जे मिळाले त्यात समाधान मान’ असेही कोणी म्हणत नाही. हे तुझ्यापर्यंत आणले कोणी, एवढेच विचारायचे आणि त्याचे नाव घ्यायचे.

आणि उपकार या शब्दाला शास्त्रात कर्जाचा वास नाही. तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय आठवा. तिथे धर्मद्रव्याचाही उपकार सांगितला आहे, अधर्मद्रव्याचा, आकाशाचा, पुद्गलाचा, काळाचाही. चालणाऱ्याला चालायला जे साहाय्य होते तो धर्मद्रव्याचा उपकार. मासा पोहतो तेव्हा पाण्याचा असतो तसा. पाणी काही माशाकडे वसुलीला येत नाही. आणि जिवांचा उपकार कोणता, तर एकमेकांना साहाय्य होणे. सासूलाही सुनेचा, सुनेलाही सासूचा. पाहुण्या बायका एवढेच विसरल्या होत्या, की ते दोन्हीकडून असते.

आता वीरसेनांचे हे उत्तर आपल्यापर्यंत कसे आले ते सांगते. खरी गोष्ट इथेच आहे.

धवलेच्या शेवटी तिच्या समाप्तीचा काळ दिलेला आहे. प्रा. हिरालाल जैन यांनी त्याचे गणित मांडून तो इसवी सन ८१६ असा काढला. ग्रंथाचा विस्तार ७२,००० श्लोकांचा मानतात. श्लोक म्हणजे ३२ अक्षरे, म्हणजे २३ लाखांहून जास्त अक्षरे. जयधवला आणखी ६०,००० श्लोकांची. पुढे या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रावरच्या जुन्या कानडी लिपीतल्या प्रती दक्षिणेत मूडबिद्रीच्या बसदीत तेवढ्या उरल्या. यात्रेकरूंनी जायचे, लांबून दर्शन घ्यायचे, हात जोडायचे आणि परत यायचे. आत काय लिहिले आहे हे वाचणारा शतकानुशतके जवळजवळ कोणी नव्हता.

१८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी मूडबिद्रीच्या यात्रेला गेले. ती ताडपत्रे जीर्ण होत चाललेली पाहून त्यांच्या जिवाला लागले. त्यांनी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींना सांगितले. हे ‘जैन बोधक’ मासिक काढणारे शेठ. दुसऱ्याच वर्षी ते श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरी शास्त्रींना सोबत घेऊन गेले. शास्त्रींना ती लिपी वाचता येत होती. त्यांनी मंगलाचरण वाचून दाखवले आणि ऐकणाऱ्यांना केवढा आनंद झाला! (या दोन्ही शेठजींच्या मुली तुम्हाला माहीत असतील. मगनबाई माणिकचंदांची आणि कंकुबाई हिराचंदांची. दोघी लवकर विधवा झाल्या आणि दोघींनी पुढे जैन बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातले. त्यांच्यावर एकदा स्वतंत्रच लिहीन.)

निधी गोळा करून नकलेचे काम १८९६ मध्ये सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय लिहायला बसले. शास्त्री लवकरच वारले. गजपतींनी काम चालू ठेवले आणि धवला-जयधवलेची देवनागरी नक्कल व्हायला वर्षांमागून वर्षे गेली. तिसऱ्या सिद्धांतग्रंथाची, महाबंधाची, नक्कल पुरी होईपर्यंत १९२२ साल उजाडले. म्हणजे २६ वर्षे! आपण एक आमंत्रणपत्रिका हाताने लिहायची म्हटले तर कंटाळतो.

पण नक्कल झाली तरी ग्रंथ बाहेर आला नाही. ती प्रतही मूडबिद्रीतच राहायची होती, तशीच अट होती. मग झाले काय, की गजपती उपाध्यायांनी दिवसा बसदीत नक्कल करताना घरी गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली. आणि ती त्यांनी एकट्याने केली नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई विदुषी होत्या; त्यांनी लिहायला मदत केली.

मला या जागी नेहमी थांबावेसे वाटते. घरचे सगळे सांभाळून, दिव्याच्या उजेडात असेल किंवा दुपारच्या निवांत वेळी असेल, एक बाई लाखो अक्षरे उतरवते आहे, आणि बाहेर कोणाला सांगायची सोय नाही. तिचे नाव आपल्यापर्यंत आले ते हिरालालजींनी प्रस्तावनेत ही सगळी हकिगत नोंदवली म्हणून.

आता हे योग्य होते का? हा प्रश्न टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. अचौर्य हे आपले अणुव्रत आहे. ज्यांनी विश्वासाने ताडपत्रे हाती दिली त्यांना न सांगता प्रत काढली. गजपती ती घेऊन सोलापूरला हिराचंद शेठजींकडे गेले, तेव्हा ज्यांनी या कामासाठी एवढी वर्षे धडपड केली त्या शेठजींनीच ती ठेवून घ्यायला नकार दिला. मला त्या नकाराबद्दल आदर वाटतो. ग्रंथासाठी जीव तुटत होता आणि तो दाराशी आलेला असताना त्यांनी घेतला नाही.

शेवटी ती प्रत उत्तरेत सहारनपूरला लाला जंबूप्रसादांनी मानधन देऊन घेतली आणि आपल्या मंदिरात ठेवली. तिथे सीताराम शास्त्रींनी देवनागरीत उतरवताना स्वतःजवळही एक प्रत राखली. तिच्यावरून मग गावोगावी प्रती गेल्या. आरा, दिल्ली, सागर, इंदूर, आणि आपल्या वऱ्हाडात दोन ठिकाणी: अमरावतीला सिंघई पन्नालालजींकडे आणि कारंज्याला महावीर ब्रह्मचर्याश्रमात.

कारंजा (लाड) आता वाशीम जिल्ह्यात मोडते, पण १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होते. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ, अशा तीन भट्टारक पीठांचे हे गाव, आणि तिथली ग्रंथभांडारे मोठी. ब्रह्मचर्याश्रम १९१८ मध्ये देवचंदजींनी सुरू केला, तेच पुढचे समंतभद्र महाराज. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात (पुढचे विदर्भ महाविद्यालय) १९२५ मध्ये संस्कृतचे प्राध्यापक म्हणून हिरालाल जैन आले. मूळचे ते नरसिंहपूरकडचे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची मोठी सूची १९२६ मध्ये निघाली, ती दुसऱ्याच हिरालालांची, कटनीच्या रायबहादूर हिरालालांची. नावामुळे नेहमी घोटाळा होतो. आपल्या हिरालालजींनी कारंज्याच्या भांडारातले अपभ्रंश ग्रंथ बाहेर काढले. ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ हे १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत कारंज्याच्या ग्रंथमालेत छापले गेले.

आणि मग धवला. विदिशाचे श्रीमंत सेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या देणगीतून फंड उभा राहिला. अमरावतीत कचेरी, अमरावतीत छपाई. अमरावतीची प्रत, कारंज्याची प्रत, आऱ्याची प्रत, तिन्ही समोर ठेवून एकेक ओळ ताडून पाहायची. पं. फूलचंद्र शास्त्री आणि पं. हिरालाल शास्त्री (हे तिसरे हिरालाल!) सोबतीला, कारंज्याचे पं. देवकीनंदनजी आणि कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये तपासायला. १९३९ मध्ये पहिला भाग निघाला. वीरसेनांचे ते उत्तर, अरिहंत आधी का, ते याच भागात आहे. ८१६ मध्ये लिहिलेले, छापून हाती आले १९३९ मध्ये, अमरावतीत.

या पहिल्या भागातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ९३वे सूत्र मनुष्य-स्त्रियांच्या गुणस्थानांबद्दल आहे. हाती असलेल्या प्रतींमध्ये तिथे ‘संजद’ हा शब्द नव्हता. संपादकांनी खाली टीप दिली, की इथे हा शब्द असायला हवा असे दिसते. त्यावरून पंडितांमध्ये केवढे वाद पेटले! अर्थ कसा लावायचा त्या वादात मी पडत नाही, तो माझा अधिकार नाही. पण पुढे मूडबिद्रीचे मूळ ताडपत्र पाहिले तेव्हा शब्द तिथे होता. नक्कल करताना गळला होता. धरसेनाचार्यांनी दोन शिष्यांची परीक्षा घेतली ती कथा तुम्हाला आठवेल. एकाच्या मंत्रात अक्षर जास्त होते, त्याला दात पुढे आलेली देवी दिसली. दुसऱ्याच्या मंत्रात अक्षर कमी होते, त्याला एका डोळ्याची. दोघांनी मंत्र दुरुस्त केले तेव्हा देवी नीट दिसल्या. बायकांबद्दलच्या सूत्रातला एक शब्द गळावा आणि वऱ्हाडात बसलेल्या माणसांना तो जाणवावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

पहिला भाग हातात पडल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकजींचे आणि पंचांचे मन बदलले. काम किती श्रद्धेने आणि किती काळजीने झाले आहे हे त्यांनी पाहिले आणि ताडपत्रांशी मजकूर ताडून पाहायला परवानगी दिली. तिसऱ्या भागापासून मूळ ताडपत्रांचे पाठ मिळू लागले. जे चोरून निघाले होते ते शेवटी संमतीने पुरे झाले. महायुद्ध आले, कागदाची टंचाई आली, हिरालालजी १९४४ मध्ये नागपूरला गेले, पण काम सुटले नाही. जवळजवळ २० वर्षांत १६ भाग पूर्ण झाले.

आता आभार कोणाचे मानायचे? लक्ष्मीबाईंचे, ज्यांनी नियम मोडून लिहिले? की नियम पाळून नकार देणाऱ्या शेठजींचे? की मूडबिद्रीच्या त्या लोकांचे, ज्यांनी दर्शनापलीकडे कोणाला हात लावू दिला नाही? मी यावर बराच विचार केला. त्यांनी कुलूप लावले हे खरे. पण राज्ये आली-गेली, आक्रमणे झाली, वाळवी आणि पावसाळे झाले, तरी तेवढ्या एका जागी ताडपत्रे टिकली तीही त्यांच्याच हातून. कुलूप नसते तर लक्ष्मीबाईंना उतरवायला काही उरलेच नसते. मला या तिघांपैकी एकालाही गाळता येत नाही. घरातही असेच असते, नाही का? ज्या सासूने आपल्याला जाचले तिच्याच हातचे लोणचे आपण आज मुलींना शिकवतो. जाच विसरावा असे माझे म्हणणे नाही. दोन्ही खरे आहे एवढेच.

आणि या साखळीच्या मागच्या टोकालाही बायका आहेत. मूडबिद्रीतले धवलेचे ताडपत्र बाराव्या शतकाच्या सुमाराला देमियक्का नावाच्या श्राविकेने शुभचंद्र सिद्धांतदेवांना अर्पण केले, असे त्यावरच्या प्रशस्तीत आहे. कशासाठी? श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनासाठी. महाबंधाची प्रत राजा शांतिसेनाची पत्नी मल्लिकव्वा हिने लिहवून घेतली आणि माघनंदी मुनींना दिली, तीही पंचमीच्याच व्रताच्या उद्यापनाला. आपण उद्यापनाला डबे वाटतो, वाट्या वाटतो. या बायकांनी ग्रंथ लिहवून दिले, आणि त्यांच्या उद्यापनातून आपला आगम टिकला. मल्लिकव्वेने, देमियक्केने, लक्ष्मीबाईंनी यातली एक जरी कडी जोडली नसती तर अमरावतीत छापायला काय असते?

वीरसेनांनीच आणखी एक शंका घेतली आहे. आचार्य, उपाध्याय, साधू यांची रत्नत्रये पूर्ण नाहीत, मग त्यांना नमस्कार का? ते सांगतात, की गवताची गंजी जाळायला आगीची ठिणगीही पुरते. थोडे असले तरी ते रत्नच. हे त्यांनी मुनींबद्दल म्हटले आहे, श्राविकांबद्दल नाही. पण नमस्कारासाठी सगळे पूर्ण असावेच लागत नाही, एवढे मी त्यातून घेतले.

आता माझी सवय सांगते, कारण काही जणींनी विचारले होते. निळी वही मी सुनेला परत दिली नाही, तिच्यात धोब्याचा आणि दुधाचा हिशेब लिहिते. सकाळी पाणी गाळून झाले, देवदर्शन झाले, की नऊ वेळा णमोकार म्हणायचा, २७ श्वासांत, जसा आपण कायोत्सर्गात म्हणतो. ते झाले की एक नाव घ्यायचे. एकच. ज्याच्यामुळे माझ्यापर्यंत काही आले त्याचे. वस्तू आठवायची नाही, माणूस आठवायचा. ‘आज डाळ चांगली झाली’ असे नाही. डाळीला हिंगाचे पाणी आधी घालायचे हे मला कोणी सांगितले, तिचे नाव. मला वाचायला कोणी शिकवले, त्या बाईंचे. सासूबाईंना उचलून बसवायला रोज दुपारी येणाऱ्या शेजारच्या काकूंचे. त्या कधी काही उपदेश करत नसत, नुसत्या एका बाजूने धरत.

सुख होते का? खरे सांगते, पहिले काही दिवस काहीच झाले नाही. मग हळूहळू एक झाले. मी त्या सहा वर्षांकडे पाहिले की मला मी एकटीच दिसायची, खोलीत, औषधांच्या वासात. आता तिथे माणसे दिसतात. काकू दिसतात, रात्री अपरात्री दार उघडणारे औषधवाले दिसतात, पाठशाळा बुडवून आजीजवळ बसणारा माझा मुलगा दिसतो. आणि कधी कधी सासूबाईही दिसतात, बोलता येत नसताना माझ्या हातावर हात ठेवणाऱ्या. ती वर्षे सोपी झाली नाहीत. पण त्यांत गर्दी झाली आहे, आणि त्या गर्दीत मला बरे वाटते. ज्या दिवशी कोणाचा राग मनात असतो त्या दिवशी मी त्याचे नाव ओढूनताणून घेत नाही. दुसरी खूप नावे आहेत. शास्त्रातही पाचच जणांना नमस्कार आहे, सगळ्या जगाला नाही.

यंदा ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आमच्या मंदिरात ग्रंथांची कपाटे उघडली. दरवर्षी आम्ही धूळ पुसतो, उन्हे दाखवतो, जुनी वेष्टने काढून नवी बांधतो. या वेळी धवलेच्या भागांना वेष्टन बांधताना बायकांनी एकेक नाव मोठ्याने घ्यायचे ठरले. देमियक्का, मल्लिकव्वा, ब्रह्मसूरी शास्त्री, गजपती उपाध्याय, लक्ष्मीबाई, माणिकचंद शेठ, हिराचंद शेठ, लाला जंबूप्रसाद, सीताराम शास्त्री, सिंघई पन्नालालजी, हिरालालजी. १६ भाग, नावे संपली तरी पाच वेष्टने उरली. मग एका काकूंनी आपल्या आईचे नाव घेतले, जिने त्यांना णमोकार शिकवला. दुसरीने पाठशाळेच्या बाईंचे. अशी उरलेलीही झाली. पुढच्या वर्षी जयधवलेची वेष्टने बदलायची आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे जुनी सुती लुगडी धुऊन ठेवलेली असतील त्यांनी मला सांगा. रंग कोणताही चालेल, फक्त सुती हवे.